न गळणारा द्रोण

माझी नात रेवा चिनी मातीची भांडी करायला शिकलीय. परवा तिनं माझ्यापुढे एक द्रोण ठेवला. हो, चक्क द्रोण! ओल्या मातीवर पळसाचं पान दाबून, तसाच दुमडून भट्टीत भाजलेला. पान जळून गेलं म्हणे, शिरा तेवढ्या राहिल्या. मी त्यांवरून बोट फिरवलं आणि थेट आईच्या पंगतीत जाऊन बसले.

आई पळसाच्या पानाला काड्या टोचून द्रोण लावायची. एका जेवणापुरतं त्याचं आयुष्य, आणि तेवढ्यातही तो हमखास गळायचा. आमटी पत्रावळीभर पसरायच्या आत आम्ही भावंडं ती भुरकून मोकळी. "गळला गं!" म्हटलं, की आई पळी घेऊन हजर. कधीकधी द्रोण धड असला तरी मी तसंच ओरडायची. तिला कळत नसेल का? पण वाढायची बापडी. ती गेली आणि पळी माझ्या हातात आली, ती आलीच. तेव्हापासून घरात सगळ्यांना मीच वाढतेय.

रेवानं नव्या द्रोणात आमटी वाढली. मी एका दमात संपवली.

"अगं आजी, सावकाश! हा नाही गळत."

रिकाम्या द्रोणाच्या तळाशी शिरा ओल्या होऊन चमकत होत्या, अगदी झाडावरच्या पानासारख्या. मी तो तिच्यापुढे धरला.

"गळला गं," म्हटलं.

तिनं वाकून द्रोण खालून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बराच गळतो की गं," म्हणाली, आणि पळी बुडवली.