बाभळीचे चट्टे

मंगळवेढ्याच्या रस्त्याकडेच्या बाभळी तोडल्या, त्या उन्हाळ्यात मी सोलापुरात बांधकाम खात्यात नवा कारकून होतो. रस्ता रुंद व्हायचा होता. तोडून रचलेल्या लाकडांचे चट्टे मोजायला ओव्हरसियरनं मला पाठवलं.

काम सोपं वाटलं होतं. लांबी, रुंदी, उंची गुणली की घनफूट. पण ओंडके वेडेवाकडे, जमीन उताराची. चट्टा एका टोकाला छातीला लागे, दुसऱ्याला गुडघ्याला. तीन ठिकाणी उंची घेऊन सरासरी काढायची आणि मधल्या पोकळीची अंदाजानं वजावट धरायची.

पहिल्याच चट्ट्यावर शेरडं चढली होती, सुकत चाललेला पाला ओरबाडत होती. माझ्याबरोबर आलेल्या शिपायानं ती हाकलली. त्यांच्यामागून माझ्या आईच्या वयाची एक धनगरीण आली.

"सायब, अजून किती पाडायची हायती?"

"ओढ्यापर्यंतची सगळी, मावशी."

तिनं ओढ्याकडं हात केला. मग म्हणाली, "वढ्याजवळची तेवढी एक ठिवा की. पावसापातूर शेंगांवरच जगत्यात ही. दुपारचं बसवू तरी कुटं?"

"साहेबांना सांगतो," मी म्हणालो.

सांगितलंही. ओव्हरसियर वाईट माणूस नव्हता. त्यानं नकाशा उलगडून रस्त्याची रेघ दाखवली. "ते झाड रेघेच्या आत येतं. मी तरी काय करणार? मोजणीचं काय झालं?"

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा ओढ्याजवळची बाभळ पडलेली होती. तिच्या फांद्या तोडून चट्टा रचला होता. शिपाई तापानं घरी होता, मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मी एक टोक दगडाखाली दाबून पाहिलं, ते निसटत होतं. ती बाई लांबून बघत होती. ती आली, वाकली आणि टोक उचललं.

"हितं धरू?"

"जरा खाली."

तिनं ते लाकडाला घट्ट टेकवलं. मला माफी मागायची होती, पण तोंडून फुटांचे आकडेच निघत राहिले.

"आता कुठं जाणार?" शेवटी मी विचारलं.

"माळशिरसाकडं. तितं पाटाचं पानी हाय म्हनत्यात. पर ऊसवाली शेरडं उभी करत्यात का न्हाय, कुनाला ठावं."

उरलेले दोन चट्टेही तिनंच माझ्याबरोबर मोजले. मग फीत माझ्या हातात देऊन ती शेरडांमागं गेली.