सतरा नंबरच्या विकेटकीपरसाठी आमगाव

लोक गोंदियाला वाघ बघायला जातात. मी गेले बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यासाठी.

आधी हे वेड काय ते सांगते. आमच्या लहानपणी एका बिस्किट कंपनीच्या अर्ध्या किलोच्या खोक्यामागे क्रिकेटपटूचं चित्र छापलेलं असायचं. तुटक रेघेवरून कापलं की झाला फोटो. एकूण चोवीस. कंपनी केव्हाच बंद पडली, खोकी चुलीत गेली, आणि मुलांनी फोटो खेळून खेळून फाडले. गेली अकरा वर्षं मी ते गोळा करते आहे. माझ्याकडे तेवीस होते. नव्हता तो सतरा नंबर, उजवीकडे झेपावलेला विकेटकीपर.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर नागपूरच्या पल्लवी मेश्राम नावाच्या मुलीने एक फोटो टाकला. पत्र्याचा डबा, त्यात चित्रांचा गठ्ठा आणि सगळ्यात वर विकेटकीपर. खाली लिहिलं होतं, “आईचा डबा. आमगाव, जिल्हा गोंदिया.” मी लगेच फोन केला. ती म्हणाली, “आई फोनवर काही बोलणार नाही. तुम्ही जाऊनच या.” नवऱ्याने रजा मिळणार नाही म्हणून सांगितलं. मी एकटीचंच तिकीट काढलं.

नाशिकरोडहून थेट गोंदियापर्यंत गाडी आहे. संध्याकाळी डबा बांधून घ्या, रात्री झोपा आणि सकाळी नागपूर गेल्यावर खिडकीपाशी बसा. भंडाऱ्यानंतर दर थोड्या वेळाने एक तलाव दिसतो. डिसेंबरात धान कापून झालेलं असतं. रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, पेंढ्या रचलेले गोल पुंजणे उभे असतात आणि त्यांच्यावर बगळे.

स्टेशनबाहेर तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, घातलेले पोहे खाल्ले. तर्री जपून मागा, मी पाण्याची आख्खी बाटली संपवली. गोंदिया शहरात मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत येतं. आलेच आहे तर बघावं म्हणून बाजारातल्या एका जुन्या किराणा दुकानात रिकामी खोकी आहेत का विचारलं. शेठजींनी मला चष्म्यावरून न्याहाळलं.

“मैडम, भरा हुआ डिब्बा लेने लोग आते हैं. खाली डिब्बा लेने आप पहली आईं.”

तरी त्यांनी नोकराला माळा शोधायला लावला. अगरबत्तीचे पुडे निघाले, एक मेलेली पाल निघाली. बिस्किटाचं काही नाही.

आमगावला लोकल गाडीही जाते, पण तिची वेळ जमली नाही म्हणून एसटी धरली. पाऊण तासाचा रस्ता, चांगला आहे. वाटेत डोक्यावरून एक चिमुकलं विमान घरघरत गेलं, थोड्या वेळाने तेच परत आलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “बिरसीच्या विमानतळाचं होय जी. पोरं चालवाले शिकून राहिले. दिवसभर तेच चालते.”

मेश्रामांचं घर स्टँडपासून चालत दहा मिनिटं. देवाजी मेश्राम राईस मिलमधून निवृत्त झालेले, उंच, मिशाळ. दारातच “जयभीम, या या” म्हणाले आणि आत हाक मारली, “कमला, नाशिकवाली बाई आली!”

कमलाबाई साठीच्या. अंगणात कोचईची, म्हणजे आपल्या अळूची, पानं निवडत होत्या. त्यांनी आधी जेवायला वाढलं. भात, कोचईच्या पानांच्या वड्यांचा रस्सा, जवसाची चटणी. माझं सगळं लक्ष डब्याकडे आहे हे त्यांना कळत होतं, तरी भात तीनदा वाढला. मग हात धुऊन त्यांनी कपाटातून डबा काढला.

सतरा नंबर खरंच होता. एक कोपरा मुडपलेला, बाकी रंग टवटवीत. मी पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढून घातले. कमलाबाई हसायला लागल्या.

“काऊन वो, हात भाजून राहिले का?”

मी किंमत विचारली. देवाजींनी बायकोकडे बोट केलं. “मले नोका विचारू. डबा तिचा हाय. लग्नात घेऊन आली होती. माया मायले वाटलं, दागिने असन!”

“हे मी जिंकलेले हायेत,” कमलाबाई म्हणाल्या. “आमच्या घरी बिस्कीट कायले येते? पोरं आनत, मी जिंको. आमच्या वक्ती पैसे देऊन कोनी फोटो नाही घेतला. तुमाले पाह्यजे त जिंका.”

मला वाटलं थट्टा आहे. पण त्यांनी पदर खोचला आणि ओसरीवर फतकल मारली.

खेळ असा. दोघींनी एकेक फोटो उलटा, एकावर एक ठेवायचा. आळीपाळीने जमिनीवर शेजारी तळहात आपटायचा. जिच्या हवेने वरचा फोटो सुलटा होईल, तिला दोन्ही. मी पिशवीतून डबल असलेले फोटो काढले. त्यांनी ते बाजूला सारले.

“डबल लावलं त खेळ कायचा? गेल्यावर दुखलं पाह्यजे. आन् सतरा नंबर शेवटी. आधी हात त पाहू.”

माझा अल्बम, त्यातलं प्रत्येक चित्र वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. अकरा वर्षांत मी एकालाही उघडं बोट लावलं नव्हतं. नऊ नंबर बाहेर काढताना मी तो दोनदा परत आत सरकवला. उठून निघून जावं असंही मनात आलं. पण विकेटकीपर तिथे पडला होता. मी हातमोजे काढले.

तिसऱ्या आपटीला नऊ नंबर गेला. मग चार गेला. मग एकवीस, जो मला मिळवायला दोन वर्षं लागली होती. आयुष्यभर चिखलात धानाची रोवणी केलेला त्यांचा तळहात असा काही बसायचा की फोटो बेडकासारखा उडायचा. माझा हात नुसता लाल झाला.

“सपाट नोका मारू जी,” देवाजी न राहवून म्हणाले. “हात वाटीवानी करा. आत हवा धरा.”

“तुमी कोनाकडून हाय?” कमलाबाई ओरडल्या.

आता त्यांनी विकेटकीपर मांडला. समोर मी काय लावणार? माझ्या हाताने एक नंबरचा फोटो काढला. तो मला सातवीत माझी मैत्रीण मंजू हिने दिला होता, गाव सोडून जाताना. हे सगळं वेड त्या एका फोटोपासून सुरू झालं. कमलाबाईंना मी ते सांगितलं. त्यांनी तो फोटो उचलून पाहिला आणि आपल्या विकेटकीपरखाली ठेवला. मग म्हणाल्या, “मंग नीट खेळ.” ‘तुमी’वरून ‘तू’वर कधी आल्या ते दोघींनाही कळलं नाही.

त्यांची पहिली आपटी. फोटो उभा राहिला, थरथरला, पुन्हा उलटा पडला. माझी वाया गेली. त्यांची दुसरीही चुकली. मी हाताची वाटी केली, श्वास धरला आणि सगळी ताकद लावून हाणली. फोटो उडाला, कलंडला आणि सुलटा पडला. विकेटकीपर माझ्याकडे बघत होता.

मी किंचाळले. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

देवाजी मऊ झाले. “कमला, पाहुनी हाय. तिचे तीन वापस दे.”

“काऊन?” कमलाबाईंनी माझे तिन्ही फोटो शांतपणे डब्यात ठेवले. “वापस देल्ले त ती हारलीच नाही. मंग ती जिंकली त कायची?”

मला ते शंभर टक्के पटलं. निघताना त्यांनी जवसाच्या चटणीचा पुडा दिला आणि माझी सुजलेली बोटं दाबून बघितली. “हाडं चांगले हायेत,” म्हणाल्या.

मुक्काम गोंदियात केला. दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून नागझिऱ्यात सकाळची सफारी. बुकिंग आधीच ऑनलाइन करा, थंडीत टोपी विसरू नका. रानगवे भरपूर दिसले, रस्त्यावर रानकुत्र्यांची जोडी दिसली, वाघ नाही. मी दुर्बीण डाव्या हाताने धरते हे बघून गाईडने विचारलं, “हाताले काय झालं जी?” मी सगळं सांगितलं. त्यानंतर त्या गृहस्थाने वाघ सोडून आपण माचिसच्या छापांवर कसे खेळायचो तेच सांगितलं, गेटपर्यंत.

घरी आल्यावर नवऱ्याने हिशोब केला. तेवीस घेऊन गेलीस, एकवीस घेऊन आलीस. बरोबर आहे. चोवीसचा संच आता आधीपेक्षा जास्त अपुरा आहे, आणि मला त्याची रुखरुख लागत नाही याचंच नवल वाटतं. इतकी वर्षं मी ही चित्रं सांभाळली, पण ती कशासाठी कापली जायची हे विसरले होते. आता अल्बम उघडला की त्या तीन मोकळ्या जागांशी माझं बोट थांबतं आणि हसू येतं.

मागच्या रविवारी कमलाबाईंचा फोन आला.

“काय करून राहिली?”

“भांडी घासतेय.”

“ते राहू दे. उन्हाळ्यात आमी नाशिकले येऊन राहिलो, देवदर्शनाले नाही, तुयासाठी. डबा घेऊन येतो. हात तयार ठेव.”

मी नळ बंद केला, हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून एक पोस्टकार्ड उलटं ठेवलं. पाचव्या आपटीला खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू वर आल्या. मी त्यांनाही बसवलं.