आवं, दोन काड्या तरी खावा!

शिवणवर्गात दोन गोष्टी साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्यांची निदान गोधडी तरी होते. किश्शांचं काय करायचं? चार माणसं बसली की सांगत सुटायचं, एवढंच! लढाईच्या काळात सांगलीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बायकांना शिवण शिकवत असे. बहुतेकींचे नवरे पलटणीत. त्या खोलीतले माझे आवडते किस्से मात्र एका पांढऱ्या सशाचे आहेत.

*

ससा आणला सुंद्राने. आटपाडीकडची पोर, नुकतं लग्न झालेली, मामाकडे राहून शिवण शिकायला येई. नवरा रजेवर आला तेव्हा त्याने कॅम्पातून हे मुठीएवढं पिल्लू आणलं आणि जाताना तिच्या ओटीत टाकलं. "मी येईस्तवर संबाळ," एवढंच म्हणाला. मामाकडे शिकारीची कुत्री! म्हणून ससा आला माझ्या पदरात.

सुंद्राने मनात एक पक्कं धरलं होतं. "बाई, ह्यो धड तर ते धड," ती म्हणायची. हे ऐकल्यावर सशाला नाही कोण म्हणणार?

ससा आला त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं गणपत. सगळ्या खुसखुसल्या. सुंद्राचे कान लालबुंद. शेवटी पाटणची अक्काताई म्हणाली, "आवं बाई, ते तिच्या मालकांचं नाव हाय!"

मी बदलायला तयार होते, पण वर्ग कुठला ऐकतोय! "गणप्या, माझं रीळ सोड!" "मेल्या गणपत्या, सरक की तिकडं!" असा दिवसभर त्याचा उद्धार चालायचा. सुंद्रा बिचारी नवऱ्याचं नाव घेणार कशी? ती सशाला सरळ "आवं" म्हणू लागली. "आवं, घास खावा की!" आणि तो लबाड आमच्या हाकांना ढिम्म हलत नसे, तिच्या एका "आवं"ला कान टवकारून हजर!

*

आता पिल्लू म्हटल्यावर लाड आलेच. जी ती आपल्या फडक्यातलं भरवायची. भाकरीचा पापुद्रा, गुळाचा खडा, भिजवलेली डाळ. ससा चांगला टम्म झाला. मग एके दुपारी हलेना की खाईना. आणि मुख्य म्हणजे, लेंड्या बंद!

सुंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. मी गूळ-भाकरीला कडक बंदी घातली आणि त्याच्यापुढे नुसतं वाळलं गवत आणि पाणी ठेवलं. सुंद्रा त्याला मांडीवर घेऊन हलक्या हाताने पोट चोळत बसली. मामाचं बोलावणं आलं तरी उठली नाही, आमच्याकडेच राहिली.

सकाळी मी चहा ठेवते न ठेवते तोच ती पुढच्या खोलीतून किंचाळली, "बाई, पडल्या! पडल्या!"

शेजारचे पेन्शनर काका धोतर सावरत धावत आले. "कोण पडल्या? फार लागलं का?"

अक्काताई तेवढ्यात पायरी चढत होती. तिच्या सगळं लक्षात आलं. म्हणाली, "लागलं न्हाई काका, मोकळं झालं!"

*

शिवणवर्गात ससा पाळणं म्हणजे विस्तवाशी खेळ. खाली टाचण्या, सुया, दोऱ्याचे तुकडे. त्याने गिळलं तर संपलंच. म्हणून टाचणी पडली की काम बंद आणि सगळा वर्ग हातापायांवर!

एकदा असंच सगळ्या रांगत असताना वर्ग तपासायला येणाऱ्या मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

अक्काताईने जमिनीवरूनच उत्तर दिलं, "गणपतसाठी वाकलोय, बाई!"

मोठ्या बाईंनी चटकन चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "छान. मूर्ती कुठंय?"

*

एका वकिलांचा शिवून तयार असलेला नवा सदरा गणपतने पोटावरच कुरतडला. मला घाम फुटला. अक्काताईने शांतपणे त्या भोकावर एक खिसा लावला आणि सदरा घडी करून दिला.

आठवड्याने वकील परत आले. मी मनाची तयारी करूनच पुढे झाले. त्यांच्यामागे आणखी दोन वकील होते. "ह्यांनाही पोटाशी खिसा हवाय," ते म्हणाले, "तपकिरीच्या डबीला फार सोयीचा पडतो!"

*

मग एका पावसाळ्यात सुंद्राच्या नवऱ्याची पत्रं थांबली. विचारायचं तरी कुणाला? ती वर्गात येई, मान खाली घालून मशीन चालवी, आणि दुपारी डब्याला हात लावत नसे. ससा खातोय हे डोळ्यांनी बघितल्यावर मगच चार घास. त्यालाही कळे की काय कोण जाणे, त्या दिवसांत तोही खायला मागे मागे राही. ती गवताची मूठ पुढे धरून विनवायची, "आवं, दोन काड्या तरी खावा. माझ्यासाठनं खावा." एरवी तोंडाळ असलेली अक्काताई त्या वेळी भिंतीकडे बघत दोरा ओवत बसायची. चांगल्या होत्या हो सगळ्या.

*

लढाई संपली. पुष्कळ जणींचे नवरे आले, सुंद्राचा आला नाही. ती रोज येतच राहिली.

एका दुपारी दार वाजलं. सुंद्राची मशीन दाराजवळ, म्हणून तिनेच उठून उघडलं. बाहेर एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस, खांद्यावर ट्रंक. आम्ही कुणी त्याला ओळखलं नाही. सुंद्राने मात्र दाराची चौकट घट्ट धरली.

"आवं..."

मशीनखालून ससा टणाटण उड्या मारत आला आणि थेट उंबऱ्यावर जाऊन बसला. बाहेरचा माणूसही एक पाऊल पुढे आला होता, तो तिथंच थबकला. एकदा सशाकडे बघितलं, एकदा बायकोकडे.

"मला म्हणालीस का त्येला?"

सुंद्राने पदराने डोळे पुसले आणि कडाडली, "दोगंबी आत व्हा आदी! दार लावायचं हाय, भाईर कुत्री हायती!"