ताईच्या डोळ्याचा दर

माझी थोरली बहीण त्रेचाळीस वर्षांची आहे आणि तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आमच्या आईला तो सत्तरीत झाला. ताईला इतक्या लवकर झाला, कारण ती कितीतरी वर्षं आमच्या दवाखान्याच्या कॅथ लॅबमध्ये नर्स आहे. तिथे डॉक्टर रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत तार घालतात, आणि तार कुठवर पोचली हे दिसावं म्हणून एक्स-रे चालू ठेवतात. अंगावर शिशाचा अ‍ॅप्रन असतो. डोळे उघडेच.

ताई म्हणजे पेशंट आधी, बाकी जग मागाहून. घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन "आजोबा, तुमच्या लग्नाची गोष्ट सांगा बघू" म्हणणार, आणि त्यापायी यंत्राच्या आणखी जवळ सरकणार. मी त्याच दवाखान्यात स्टोअरची कारकून. कितीदा कानीकपाळी ओरडले, "लांब उभी राहा गं!" ती हसायची. "लांबून हात धरता येतो का, वेडे?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा वाचवायचा तर लॅबच्या टेबलावर छतावरून लोंबणारी, किरणं अडवणारी शिशाची काच बसवून घ्या. ताईनं अर्ज केला. काचेचा भाव मीच मागवला. अर्ज गेला हिशेबाच्या साहेबांकडे. त्यांना आम्ही पाठीमागे मोजपट्टी म्हणतो.

मोजपट्टीनं लॅबच्या सगळ्या नर्सची आणि माझी मीटिंग घेऊन हिशेब वाचून दाखवला. काचेमुळे किती किरणं वाचतील, किरणांच्या एका मापानं होणाऱ्या नुकसानीचा ठरलेला रुपयांतला दर काय, त्यांचा गुणाकार. उत्तर काचेच्या किमतीच्या निम्मंसुद्धा नव्हतं. "परवडत नाही," तो म्हणाला. भाजीवालीलासुद्धा माणूस याहून हळहळून सांगतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बहिणीच्या डोळ्याला दर लावणारा हा कोण टिकोजीराव? पण खरी गोम पुढेच होती, आणि ती तिथल्या प्रत्येक नर्सला ठाऊक होती. किरणं मोजायचा बॅज त्या अंगावर लावतच नव्हत्या. चहाच्या खोलीत खिळ्याला टांगून आत जायच्या. बॅजवर आकडा वाढला की वॉर्डात बदली, आणि बदली झाली की जोखमीचा भत्ता बंद. त्या भत्त्यावर ताईच्या मुलीचं कॉलेज चाललं होतं. म्हणजे मोजपट्टीनं एवढा गुणाकार केला तो चहाच्या खोलीतल्या किरणांचा.

ताई उभी राहिली. शेजारच्या नर्सनं तिचा हात खाली ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"साहेब, तुमचे आकडे खोटे आहेत. आम्ही बॅज लावत नाही. मीसुद्धा नाही. खऱ्या आकड्यांवर हिशेब करा आणि काच द्या."

बाकीच्या माना खाली घालून बसल्या. भत्ता बुडाला हे सगळ्यांना कळलं होतं.

मोजपट्टी रागावलासुद्धा नाही. "मग जुने आकडे बाद," म्हणाला. "आजपासून सगळ्यांनी बॅज लावायचे. वर्षभराचे खरे आकडे जमू देत, मग नव्यानं हिशेब मांडू."

"म्हणजे काच परवडेल एवढी किरणं आधी आम्ही खायची?" ताईनं विचारलं.

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोयस, मेल्या!" हे मी ओरडले. साहेबाला अरेतुरे केलं याचं मला आजही काही वाटत नाही.

तेवढ्यात टेक्निशियननं दारातून डोकं आत घातलं. "सिस्टर, लवकर चला. हार्ट अटॅक आहे, डॉक्टर थांबलेत."

मी ताईचा दंड धरला. "जाऊ नकोस. आधी काच आणा म्हणावं."

"आणि तोवर त्याला मरू देऊ?" म्हणत ती निघालीसुद्धा. मोजपट्टीनं मागून आवाज दिला, "सिस्टर, बॅज!"

मी त्याच्या पुढ्यातला हिशेबाचा कागद उचलून टराटरा फाडला. त्यानं फायलीतून शांतपणे दुसरी प्रत काढली.

"एवढं चिडायला काय झालं?" तो म्हणाला. "त्या गेल्याच ना आत."