मागच्या दाराचं कुलूप

"पदर झटक. नीट झटक."

कापसाच्या जिनच्या गेटवरचा जमादार काठीच्या टोकानं आमचे पदर उचलायचा. रोज. काम सुटल्याचा भोंगा वाजला की आम्ही बाया रांगेत उभ्या राहायचो. कुणी कापूस चोरून नेऊ नये म्हणून ही झडती.

त्या दिवशी मला पाळी आली होती. कमरेला फडकं होतं. काठी तिथंच येऊन टेकली.

"हे काय बांधलंय?"

  शेठ पायरीवर उभे होते. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बघून घे. उगाच वेळ नको."

मी सरकीच्या ढिगाआड गेले. फडकं सोडलं. हातात धरून जमादाराला दाखवलं. त्यानं तोंड फिरवलं आणि थुंकला. मागं चार बाया उभ्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. दुसऱ्या दिवशी कामाला गेले. ते मला आजही सलतं. जमादाराचं नाही, माझं जाणं सलतं.

ही धुळ्याची गोष्ट. सन साठ उलटल्यानंतरची. आग्रा रोडच्या बाजूला ती जिन होती. कापसातली सरकी काढायची यंत्रं, रुईचे ढीग, आणि आम्ही. आमच्या वस्तीतल्या बायांना प्यायच्या माठाला हात लावायची मुभा नव्हती. पाणी वरून ओतायचे, आम्ही ओंजळ धरायचो.

चोरीच्याच भीतीनं जिनच्या मागच्या दाराला कुलूप असायचं. किल्ली मुनीमजींच्या जानव्याला.

एका दुपारी कापसातून खडा आला. यंत्रात ठिणगी उडाली. रुईला पेटायला किती वेळ लागतो? आम्ही मागं बसणाऱ्या, मागच्या दाराकडं धावलो. दार हलेना. धूर डोळ्यांत, तोंडात. मुनीमजी घरी जेवायला गेलेले.

"दार तोडा वं! मरी जासूत!" सखूअक्का ओरडत होती. अक्का आमच्यात सगळ्यात थोरली. एका पोरीच्या लुगड्याला जळती रुई चिकटली, ती अक्कानं उघड्या हातांनी ओरबाडून काढली. भिंतीवरच्या लाल बादल्यांत वाळू नव्हती, विड्यांची थोटकं होती. पुढच्या बाजूनं हमालांनी ओली पोती टाकली, म्हणून वाचलो.

शेठ आले. पहिलं वाक्य, "रुई किती गेली?"

अक्काच्या हातांची सालटी निघाली होती.

महिन्याभरानं जिनचं लायसन नवं करायचं होतं. त्याला आगीचा दाखला लागायचा. बंबखान्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून गडबड उडाली. बादल्यांना रंग दिला. वाळू भरली. नवीन पिंपं आणली आणि त्यात पाणी भरायला आम्हाला लावलं. त्या पाण्याला आमचे हात चालत होते. मागच्या दाराचं कुलूप काढलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. दार उघडलं तेव्हा बाहेर शेत दिसलं. इतकी वर्षं तिथं बसून मला माहीत नव्हतं की मागं शेत आहे.

साहेब आले. शेठसोबत खुर्चीवर बसून चहा घेत होते. मुनीमजी एक कागद आणि शाईची डबी घेऊन आमच्याकडं आले.

"हजेरीचा कागद आहे. एकेकीनं अंगठा द्या."

अक्कानं अंगठा दिला. रेषा उमटल्याच नाहीत. कातडी जळाली होती ना. नुसता काळा डाग पडला. मुनीमजींनी पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

माझा नंबर आला. मी चौथीपर्यंत शिकले होते. जिनमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. शिकलेल्या बाईला कामावर कोण ठेवतं? मी कागद वाचला. 'आम्हास आग विझविण्याचे शिक्षण देण्यात आले आहे. मागील दार कामाच्या वेळी सदैव उघडे असते.' आणि त्याच्या खाली अक्काचा तो काळा डाग.



"हा हजेरीचा कागद नाही," मी म्हणाले. "मला वाचता येतं."

मुनीमजींनी माझं मनगट धरलं. अक्का कानाशी कुजबुजली, "दी टाक, माय. पोट शे आपलं."

त्यांनी माझा अंगठा शाईत दाबला. तोच अंगठा मी त्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सगळे ठसे, सगळी अक्षरं काळी झाली. मग साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. तोंडातून घरची बोली आली.

"साहेब, दार आज उघडं शे. रोज कुलूप ऱ्हास. ह्या बाईचे हात बघा."

साहेबांनी अक्काच्या हातांकडं पाहिलं. पाहिलं, हे मी शपथेवर सांगते. मग कप खाली ठेवला आणि शेठला विचारलं, "ही कोण?"

"डोक्यानं अधू आहे," शेठ म्हणाले.

जमादारानं मला गेटबाहेर काढलं. त्या दिवशी झडती घेतली नाही.

दाखला मिळाला. नवा कागद, नवे अंगठे. आठवड्यात कुलूप परत लागलं, हे अक्कानंच सांगितलं. अक्का तिथंच राहिली. मी तिला दोष देत नाही.

मी दाराच्या कुलपाबद्दल सरकारला अर्ज लिहिला. ऱ्हस्वदीर्घ चुकलेला, पण माझ्या हातचा. कचेरीतल्या कारकुनानं वरखाली पाहून विचारलं, "तुझं काय जळालं बाई?"

"माझं काही जळालं नाही," मी म्हणाले. "म्हणून तर चालत आले. जळाल्यावर कोण येणार होतं?"

त्यानं अर्ज ठेवून घेतला. उत्तर आलं नाही. दुसरा दिला. त्याचंही नाही. आता मी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. मागं रांग ओरडते, कारकून ओरडतो. ओरडू दे. वस्तीतल्या तीन पोरींना मी माझ्या ओसरीवर अक्षरं शिकवते. त्या पोरी जिनमध्येच जाणार, दुसरं काम कुठंय? पण न वाचता अंगठा देणार नाहीत. आणि दार बंद दिसलं तर आत पाऊल टाकणार नाहीत. एकही नाही.