सर्कशीचं रान

माणसाचा जीव नकोसा करण्याच्या कलेत आमच्या सासऱ्यांचा हात धरणारा अख्ख्या मराठवाड्यात कोणी निघायचा नाही. उदगीरहून देगलूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून, घरासमोरच त्यांचं एक मुरमाड रान आहे. एके काळी एक सर्कस दर पावसाळ्यात तिथं मुक्कामाला असे. चिखलात तंबू उभे राहत नाहीत, म्हणून खेळ बंद ठेवून सगळा लवाजमा या माळावर टेकायचा. फाटक्या कनाती शिवायच्या, जनावरांना नवे खेळ शिकवायचे आणि दसरा झाला की निघायचं. एवढीच गोष्ट. पण ती सांगायला सासऱ्यांना अख्खी दुपार लागते, आणि मध्ये कोणी शिंकलं तरी ते पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू करतात.

सर्कस यायची बंद झाली त्याला जमाना झाला, पण त्या रानात त्यांनी कुणाला दाणा पेरू दिलेला नाही. "सर्कस आली तर ऱ्हाईल कुठं?" हा त्यांचा सवाल. माझ्या लग्नाचा मांडवसुद्धा तिथं घालू दिला नाही; मांडवाच्या खड्ड्यांनी तंबूच्या खुंट्यांच्या जागा बिघडतात म्हणे. वऱ्हाड भर उन्हात शाळेच्या पटांगणात जेवलं, आणि नवरीचा हा बाप पंगतीला आग्रह करायचं सोडून माझ्या वडिलांना वाघाचा पिंजरा नेमका कुठं असायचा ते समजावत होता. सर्कशीतल्या रिंगमास्तरचं बघून त्यांनी आपल्या बैलांनाही शिट्टीवर बसायला शिकवलं. बैल बसतात हे खरं, पण शाळेत कवायतीची शिट्टी वाजली की भर पेरणीत तिफणीसकट बसतात. सासूबाई बेजार होऊन म्हणतात, "बैल शिट्टीनं बसतेत, ह्येंचं त्वांड कशानं बंद हुईल?"

पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला आणि रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आला. मेव्हण्याला तिथं प्लॉट पाडायचे होते. त्याच्या दोन्ही पोरींची शिक्षणं त्या पडीक रानावर निघाली असती, तेव्हा त्याचं म्हणणं काही वावगं नव्हतं. जावयापुढे सासरे आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांना पटवायची कामगिरी माझ्यावर आली. ती सर्कस केव्हाच मोडली, तंबूसुद्धा विकले गेले, असं मी नांदेडला ऐकलं होतं. तेवढं सांगून विषय संपवायचा, असं आम्हा दोघांचं ठरलं.

मी रजा काढून गेलो. सासऱ्यांनी मला रानात बसवलं आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. त्यांचा इतिहास नेहमी बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडे येऊन थांबतो. त्या दिवशी मात्र मी वैतागून म्हणालो, "मामा, शेवटी ती सर्कस का गेली, तेवढं सांगा आणि मोकळे व्हा."

ते गप्प झाले. मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बघत होतो.

"दुष्काळात हिरीला पानी किती असनार?" ते म्हणाले. "गाव म्हनलं, तुमची हत्तीन आमच्या लेकरांचं पानी पिऊन राहिली. खोटं न्हवतं ते. मीच मालकाला म्हनलो, जावा."

मग त्यांनी सांगितलं की मुक्काम उठताना घरातल्या बायका त्या हत्तिणीची ओटी भरत. पावसाळ्याला येते म्हणजे माहेरवाशीणच. खण, नारळ आणि गहू. ती ते सगळं जागेवरच खाऊन टाकायची, खणासकट.

"त्या साली ओटीला घरात दाना न्हवता. दाराशी येऊन सवयीनं सोंड पुढं केली तिनं. मी आत जाऊन बसलो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आता हिरीला पानी हाय. यंदा तुमच्या नांदेडाकडं आलती का हो सर्कस, जावईबापू?"

सांगायचं ते अगदी ओठावर होतं.

"अजून नाही, मामा."

"न्हाई ना? मग हिकडंच यायची."

मेव्हणा अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पण दारात उभ्या राहिलेल्या त्या मुक्या जनावराला दुसऱ्यांदा हाकलून द्यायचं काम माझ्याच्यानं झालं नाही.