दोन विलायती पेट्या

आज मला झोप येत नाहीये, पण ती काळजीने नव्हे. असं बऱ्याच महिन्यांनी घडतंय. माझे सासरे आणि माझा मुलगा बाहेरच्या खोलीत, त्या दोन पेट्यांच्या मधल्या जागेत, एकाच सतरंजीवर झोपले आहेत. सासऱ्यांबद्दल काही लिहावं असं आजवर कधी वाटलं नव्हतं. आज दुपारपासून मात्र ते सारखं मनात घोळतंय.

रामजी तावडे हे त्यांचं नाव. मी त्यांना मामंजी म्हणते. मिसरूड फुटायच्या आधी ते कणकवलीकडच्या एका वाडीतून लालबागला आले आणि गिरणीत लागले. आधी बदलीवर, मग कायम. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. त्या खात्यात शेकडो माग एकदम खडखडत असत. शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही, म्हणून तिथले लोक आवाज न काढता बोलत. ओठ नीट हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे आणि उरलेलं हातांनी सांगायचं. माझ्या सासूबाई गिरणीत कधी गेल्या नाहीत, पण नवऱ्याशी त्या तशाच बोलत. मी बी.ए. होऊन दादरहून या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं की ही माणसं आपल्याला वगळून काहीतरी ठरवतायत. नंतर मीही शिकले. भाजीत मीठ कमी पडलंय हे पाहुण्यांसमोर सांगायला त्याइतकी सोयीची बोली नाही.

मामंजी गावच्या भजनात झांज वाजवत. मुंबईतही काळाचौकीच्या मंडळात शनिवारी त्यांची झांज ठरलेली असे. मग एकदा बुवांनी भजन थांबवून विचारलं, "रामजी, झांज वाजवतोस की पत्रे ठोकतोस?" सगळे हसले, तेही हसले. त्यांना स्वतःची झांज ऐकू येईनाशी झाली होती, म्हणून ते जोर वाढवत होते. पुढच्या शनिवारी झांज दुसऱ्याच्या हातात गेली. घरी येऊन त्यांनी बुवांना नावं ठेवली नाहीत, की मंडळ सोडलं नाही. मागे बसून टाळ्या द्यायला लागले.

पेट्या त्याच सुमाराला आल्या. त्यांचा धाकटा भाऊ शिवा बोटीवर होता. त्याने लंडनच्या गोदीतून स्पीकरची जोडी आणली, सागवानी रंगाची, कमरेइतकी उंच. बरोबर अँप्लिफायर. टॅक्सीच्या टपावरून त्या उतरल्या तेव्हा चाळीत एकच चर्चा. "रामज्या, ह्या पेट्या की कपाटं रे? तुझ्या खोलीत आता माणसं ऱ्हवतली खय?" शिवाकाकांना वाटलं होतं, भावाला कमी ऐकू येतं, मोठ्या स्पीकरवर तरी नीट येईल. भजनाची कॅसेट लागली आणि मामंजींनी एक बटण शेवटपर्यंत फिरवलं. बारीक, किणकिणणारे आवाज वाढवायचं ते बटण. तेव्हा कुठे त्यांना झांजेचा काहीतरी मागमूस लागला. त्या दिवसापासून ते बटण टोकालाच राहिलं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा माझा मुलगा हेरंब तीन वर्षांचा होता. घरातून एकेक वस्तू जात गेली. पेट्याही जाणार होत्या, पण घ्यायला कोणी आलं नाही. आमच्या भागात कुणाच्या खोलीत त्या मावणार? मामंजी रे रोडला लाकडाच्या वखारीत रखवालदार झाले. मी पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागले. पोरं त्या पेट्यांना पाठ टेकून पाढे म्हणत. गिरणी पुन्हा सुरू झाली ती मामंजींशिवाय, आणि मग तीही बंद पडली. वखारीतही ते कुणाच्या तोंडाकडे बघूनच बोलणं समजून घेत. तिथल्या शेटला शेवटपर्यंत कळलं नाही की आपला रखवालदार अर्धा बहिरा आहे.

आता माझ्या काळजीकडे येते. हेरंबला आवाजाचं वेड लागलं. कॉलेज सांभाळून तो मंडपाच्या साउंडवाल्याबरोबर जायला लागला. गणपतीत दहा दिवस तो त्या स्पीकरच्या भिंतीशेजारी उभा असायचा. घरी यायचा तेव्हा म्हणायचा, "आई, कानात शिट्टी वाजतेय." दुसऱ्या दिवशी शिट्टी जायची, तोही विसरायचा. मी विसरत नव्हते. मी हाक मारल्यावर तो "काय?" म्हणाला की मी मनात ताडत बसायचे, खरंच ऐकू आलं नाही की नेहमीसारखं लक्ष नव्हतं. "एकदा कान तपासून घे" म्हटलं तर हसायचा. "मी काय गिरणीत जातो का, आई?"

आणि गेल्या गणपतीनंतर एका रविवारी त्याने मामंजींची जुनी कॅसेट लावली. ऐकता ऐकता तोंड वाकडं केलं. "आवाज अगदी बसलाय याचा. घोंगडीखालून आल्यासारखा." आणि हात पुढे करून त्याने तेच बटण चाचपलं. ते आधीच टोकाला होतं. त्याने आणखी पुढे रेटून पाहिलं.

हा हात मी किती वर्षं बघत आले होते.

मला स्वतःला तर काही फरक कळत नव्हता. ती कॅसेट मला पाठ आहे. झांज ऐकू येतेय असं मला वाटायचं, पण ती स्पीकरमधून येतेय की माझ्या आठवणीतून, हे मी शपथेवर सांगू शकले नसते. ह्यांना, हेरंबच्या वडिलांना, विचारलं, तर "जुने झालेत, वाजतायत हेच नशीब" म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

हेरंबचं म्हणणं सरळ होतं. जुने स्पीकर काढून टाकू, नवे घेऊ. दादरच्या एका दुकानात त्याने पाहूनही ठेवले होते. सडपातळ, उभे, काळे. "आवाज काचेसारखा आहे, आई. आणि जागा केवढी मोकळी होईल." खोटं काय होतं त्यात? मी लगेच त्याच्या बाजूने झाले. मला वाटलं, नवे येऊ देत. त्यांचा आवाज मुळातच टोकदार असतो, त्याला स्वच्छ ऐकू येईल, तो त्या बटणाला हात लावणार नाही आणि मला तो हात बघावा लागणार नाही.

मामंजी मात्र अडून बसले. "उघडून बघल्याशिवाय पेट्यो खयच जावच्यो नायत."

"आजोबा, त्यात बघायचंय काय? वीस वर्षं झाली त्यांना."

"माका सत्तर झाली, म्हणान माका काढतलंस?"

"तुम्हाला एक्सचेंजमध्ये कोण घेणार?" हेरंब म्हणाला. मामंजींनी त्याचे ओठ वाचले आणि त्याच्या डोक्यात टपली मारली. पण हट्ट सोडला नाही. मला तो भावाच्या आठवणीचा हट्ट वाटला. शिवाकाका जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

शेवटी गिरगावातून कुशाबा आले. जिन्याखाली त्यांचं लहानसं दुकान आहे, स्पीकर दुरुस्तीचं. माणूस बोलका. वर येईपर्यंत जिन्याला, महापालिकेला आणि स्वतःच्या गुडघ्यांना बोलून झालं होतं. त्यांनी चहा घेतला, पेटीचं पुढचं कापड काढलं आणि आतल्या गोष्टी हेरंबला दाखवायला लागले. खाली मोठा कागदी कोन, तो ढोलकी-पखवाजाचा. वर बोटभर लांबीचा लहान स्पीकर, तो बारीक आवाजाचा. त्यांनी मीटरच्या दोन तारा आधी मोठ्याला लावल्या, मग लहानाला.

मी ओट्यापाशी उभी होते. कुशाबांनी "सगळं ठीक आहे" म्हणू नये, एवढंच मी मागत होते. आजपर्यंत कुठल्या दुरुस्तीवाल्याकडून बिघाड निघावा म्हणून मी प्रार्थना केली नव्हती. पेटीत बिघाड नसेल, तर तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं.

"हा लहाना मेलाय," कुशाबा म्हणाले. "आज नाही, बरेच दिवस." मग दुसरी पेटी. "हा धुगधुगीवर होता, आत्ता काही महिन्यांत गेला असणार. आतली कॉइल जळालीय. तुमच्याकडे हे बटण कायम असं टोकाला असतं का?"

"कायम," हेरंब म्हणाला. "मी सांगत होतो ना, आवाज बसलाय म्हणून. कोणी ऐकतंय का माझं."

मी तिथेच पाटावर बसले. मामंजी कॉटवर होते आणि कुशाबांची पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. मी आवाज न काढता ओठ हलवले: पेटी बिघडलीय.

त्यांनीही आवाज न काढता विचारलं: पोराचे कान?

मी बघतच राहिले. मग ओठांनी सांगितलं: बरे आहेत. त्याला बरोबरच ऐकू येत होतं.

मामंजींनी दोन्ही हात वर करून हळूच खाली आणले. साचेखात्यात दुपारी पट्टे थांबले आणि माग बंद पडले, की ही खूण करत. बंद झालं, सुटलो. आमच्या दोघांच्या मध्ये हेरंब आणि कुशाबा पेटीत डोकं घालून बसले होते. त्यांना यातलं काहीही समजलं नाही.

नंतर मामंजींशी बोलले, तेव्हा ते म्हणाले, "नवे आणले असते तर त्येका ऐकाक इला असता. थोडा कमी ऐकणाऱ्याकय येता. मग आपणाक कधी कळला असता? माझीय अशीच सुरवात झाली. पयली झांज जाता." मग म्हणाले, "गिरणीत सगळीकडे कापूस उडायचो गो. पण कानात घालूक कोणाक सुचला नाय."

म्हणजे ज्या गोष्टीची मला धास्ती वाटत होती, तीच गोष्ट ते उघडून बघायला निघाले होते. मी लपवायला बघत होते आणि ते शोधायला.

नवे घ्यायचे की जुनेच सुधारायचे, हा वाद मग फार चालला नाही. कुशाबांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. "नवे वाईट नाहीत. जागा वाचेल, डोक्याला ताप नाही. पण हे लाकूड आणि हे मोठे कोन ठणठणीत आहेत. लहाने नवे बसवू, चांगल्यातले. आतले सुकलेले कंडेन्सर बदलू. आवाज याच्या मूळच्या आवाजापेक्षाही सुधारेल. मात्र ते बटण मधोमध." हेरंबला आतलं सगळं हाताळायला मिळणार होतं, त्यामुळे काळे स्पीकर तो तिथल्या तिथे विसरला. मी एकच अट घातली. मंडपात जाताना कानात बोळे. आणि एकदा डॉक्टरकडे. परवा तो तपासूनही आला. कान चांगले आहेत. "आता तरी माझ्या 'काय'ला घाबरू नकोस," म्हणाला.

आज दुपारी पेट्या परत आल्या. हेरंबने तीच कॅसेट लावली. बुवांचा आलाप झाला, पखवाज आला आणि मग खोलीभर झांज वाजायला लागली, इतकी मोकळी की शेजारच्या राधाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मी आठवणीने ती ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं.

मामंजी सवयीने उठले. त्यांचा हात बटणाकडे गेला, बटण मधोमध होतं. ते थांबले, बटणाला हात न लावता मागे आले आणि पेटीसमोर बसायचं सोडून हेरंबच्या समोर बसले. हेरंबने डोळे मिटले होते. झांजेच्या ठेक्यावर त्याची मान हलत होती. मामंजी ओठ वाचावेत तसे त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते, आणि थोड्या वेळाने त्यांच्या दोन्ही हातांचे पंजे मांडीवर त्याच ठेक्यात एकमेकांवर पडायला लागले. कुठेही चुकले नाहीत.

कॅसेट संपल्यावर मी ओठांनी विचारलं: ऐकू आलं?

"माका काय ऐकाक येतला?" ते मोठ्याने म्हणाले. "पण झांज इली. ह्याच्या तोंडार दिसली."